खंड्या दुसऱ्या माळ्यावर थांबतो. दुखत असेल का त्याचं? कसं ओळखायचं?

पोळीभाजी_ठाकूरद्वार · ५ ऑक्टोबर, रात्री ११.४०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, चूकभूल सांभाळून घ्या. मी गिरगावात, ठाकूरद्वारजवळ चाळीत राहते. तिसरा माळा, लिफ्ट नाही. घरून पोळीभाजीचे डबे देते, रोजच्या दीडशे पोळ्या तरी होतात. आमचा खंड्या अकरा वर्षांचा. २०१४ च्या पावसात नाक्यावर भाजीच्या हातगाडीखाली भिजत बसला होता, तेव्हा माझ्या पोळपाटाएवढा होता. आता २४ किलो आहे. देशीच, एक कान उभा, एक पडका.

गणपती झाल्यापासून त्याचं काहीतरी बिनसलंय. नेमकं काय ते सांगता येत नाही, म्हणून जे दिसलं ते सगळंच लिहिते. विव्हळत नाही, लंगडत नाही, खातो. पण पहाटे साडेचारला मी पहिली पोळी तव्यावर टाकली की हा उठून ओट्याशी यायचा. पहिली पोळी त्याचीच, हे अकरा वर्षांचं ठरलेलं. आता पडल्या पडल्या मान वर करतो आणि बघत राहतो. पोळी तिथे नेऊन द्यावी लागते. मिस्टर म्हणाले, तूच लाडावलायस, आता राजेसाहेबांना जागेवर ताट हवंय. मीही हसले.

जिना चढताना दुसऱ्या माळ्यावर थांबतो. तिथे शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड आहे. एकेक चप्पल हुंगतो, चांगली दोन-तीन मिनिटं. त्याच चपला, तीच माणसं. मला वाटलं, त्यांनी मांजर-बिंजर आणलं असेल.

रात्री पंखा फुल असताना जीभ बाहेर काढून धापा टाकतो. आधी दाराशी पडतो, मग उठून मोरीजवळ, मग कॉटखाली. ऑक्टोबरचा उकाडा आम्हालाच सोसत नाही, म्हणून तेही सोडून दिलं.

आता दसऱ्याचं सांगते. पुतण्याची चार वर्षांची मुलगी नेहमीसारखी त्याच्या मागून येऊन कंबरेला बिलगली. तर गुरगुरला आणि गर्रकन वळून दात दाखवले. चावला नाही हो. पण जाऊबाईंनी तेव्हापासून घोषा लावलाय की हा आता भरवशाचा राहिला नाही, कुठेतरी सोडून या.

एका डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथे टेबलावर चढवला तर गडी एकदम ताठ, जसा काही दोन वर्षांचा. दोन मिनिटांत "वय झालं, टॉनिक द्या" म्हणून मोकळे.

शेवटी काल रात्री मी माझी गुडघ्यांची गोळी, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असते ना ती, अर्धी पोळीत घालून दिली. केमिस्ट म्हणाला अर्धीने काही होत नाही. कंबरेला माझंच दुखण्याचं मलमही चोळलं. आज जरा बरा वाटतोय. रोज अर्धी दिली तर चालेल का? आणि दुखतंय हे ओळखायचं तरी कसं, तो तर हूं की चूं करत नाही.

माहीमची_फीडर · ६ ऑक्टोबर, रात्री १२.०५

ताई, गोळी बंद. अगदी आत्तापासून. बाकीचं उद्या बोलू.

आयब्युप्रोफेन कुत्र्यांच्या पोटात जखमा करतं, जास्त झालं तर किडनीवर जातं. एकदा अर्धी दिलीत म्हणून घाबरून जाऊ नका, पण रोज देऊन तर कुत्री मरायला टेकलेली मी पाहिली आहेत. आता एक दिवस उलटून गेलाय, तेव्हा मीठपाणी वगैरे पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. उलटी होते का, खाणं टाकतो का, शी डांबरासारखी काळी होते का, एवढं बघा. ओठ वर करून हिरड्याही बघा, गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका.

आणि ते मलम कोमट पाण्याने, साबण लावून धुऊन काढा. कुत्रा अंगाला लावलेलं चाटणारच, म्हणजे तेही पोटातच गेलं.

गावचा_माणूस_७१ · ६ ऑक्टोबर, रात्री १२.३०

एवढं काय त्यात. कोकणात आमच्याकडे पाच कुत्री होती, एकालाही कधी डॉक्टर दाखवला नाही. हळद घालून तूप द्या, मोहरीच्या तेलाने कंबर रगडा. म्हातारा झाला की माणूस पण बसूनच राहतो.

माहीमची_फीडर · ६ ऑक्टोबर, रात्री १२.३४

काका, त्या पाचांपैकी किती जणांनी दहावं वर्ष पाहिलं?

निवृत्त_पशुवैद्य · ६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

बाई, ओळखायचं कसं म्हणून विचारता आणि पाच खुणा स्वतःच लिहून ठेवल्यात. तुमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं तुमचं ऐकून घेतलं असतं तर टॉनिकचे पैसे वाचले असते.

चपलांपासून सुरुवात करू. तो वास घेत नाहीये, दम घेतोय. जनावर दुखणं मिरवत नाही. थांबायचंच असलं की हुंगायचं, खाजवायचं, नाहीतर उगाच दुसरीकडे बघायचं. तीन माळ्यांमध्ये नेमक्या दुसऱ्यावर, तेही दर वेळी आणि फक्त चढताना थांबत असेल तर मांजराचा विषय सोडा. उतरताना कसा उतरतो? कठड्याकडे अंग टाकून, की शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उडी मारून? तेही बघून सांगा.

धापांचं मुंबईत खरंच कठीण जातं, कारण इथे बारा महिने उकडतं. माझा साधा हिशेब असा. उकाड्याने धापणारा कुत्रा गार लादी शोधतो, पाय पसरून पोट टेकवतो, पाणी पितो आणि थोड्या वेळाने निवतो. दुखण्याने धापणाऱ्याला कुठेच चैन पडत नाही. पडतो, उठतो, जागा बदलतो. कान मागे ओढलेले असतात, नजर ताणलेली असते. तुमचा दारातून मोरीत, मोरीतून कॉटखाली जातोय. मोरी गार असूनही तिथे टिकत नाही, हे महत्त्वाचं. गाढ झोपला की श्वास मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला तिसापेक्षा कमी हवेत. झोपेतही सतत जास्त भरले तर मग हृदय आणि फुप्फुसंही तपासावी लागतील.

आता गुरगुरणं. तुम्ही लिहिलंय की मुलगी मागून कंबरेला बिलगली. मला हात कुठे पडले ते हवंय. पोटाखाली, की पाठीवर शेपटीच्या वर? तो तिच्यावर उलटला नाही, तिथे हात लावू नकोस एवढंच म्हणाला, आणि चावायच्या आधी म्हणाला. त्याबद्दल त्याला रागावलात तर पुढच्या वेळी गुरगुरायची पायरी गाळेल आणि थेट दात लावेल. जाऊबाईंना हे माझ्या नावाने सांगा. आणि दुखण्याचं कळेपर्यंत पोरीला त्याच्यापाशी एकटं सोडू नका, यात त्यांची काळजी रास्त आहे.

टेबलावर ताठ उभा राहिला याचं नवल नाही. परका वास, घसरडं टेबल, शेजारी भुंकणारा दुसरा कुत्रा. भीतीने दुखणं दबतं. मी परळला शिकलो, बैलघोड्याच्या, म्हणजे जनावरांच्या मोठ्या दवाखान्याच्या आवारातल्या कॉलेजात. १८८६ सालचं कॉलेज ते. आमच्या वेळी व्हिक्टोरियाचे घोडे यायचे. दारात लंगडणारा घोडा आत आला की सरळ चालायचा आणि मालक ओशाळून म्हणायचा, साहेब, काल खरंच लंगडत होता. तेव्हा मोबाइल नव्हते. तुमच्याकडे आहे. चालतानाचा व्हिडिओ बाजूने घ्या, मागून घ्या, जिन्यावरचा तर घ्याच. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. मागचा असेल तर एका बाजूचं ढुंगण जास्त वरखाली होतं. दोन्हीकडे सारखंच दुखत असेल तर लंगडणं दिसतच नाही, नुसती चाल आखडते. "लंगडत नाही" यावर फार विसंबू नका.

घरी आणखी चार गोष्टी बघा. मागच्या पायांची मधली दोन नखं बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलीत का. झोपून उठल्यावर अंग झाडतो ते शेपटीपर्यंत, की मानेपाशीच थांबतं. खांबाशी तंगडी वर करतो का, दोन्ही बाजूंना करतो का, की हल्ली उभ्या उभ्याच उरकतो. शेपूट पूर्वी किती वर असायची आणि आता किती.

गोळ्यांविषयी माहीमच्या बाईंनी बरोबर सांगितलं. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला स्वतःच्या मनाने द्यायच्या नाहीत. आयब्युप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅकही नाही. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंदच आहे. ते गिधाडांमुळे, औषध दिलेली गुरं खाऊन गिधाडं मेली म्हणून. पण कुत्र्याच्या पोटालाही ते झेपत नाही. ती अर्धी गोळी दिल्याचं डॉक्टरांना लाजू नका, आधी सांगा. कारण त्याच जातीचं कुत्र्यांचं औषध लगेच सुरू करता येत नाही, मध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात. हे लपवलं आणि वर दुसरी गोळी पडली तर पोटात भोक पडू शकतं. आणि कृपया मला डोस विचारू नका. रक्त तपासल्याशिवाय, हात लावल्याशिवाय मी सांगणार नाही.

लॅबवाला_मुलुंड · ६ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

डॉक्टरसाहेब, ते ग्लासगोचं मार्कांचं काय ते पण सांगा ना. आमच्या सिंबाचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्स दर चार तासांनी मार्क भरत होती.

निवृत्त_पशुवैद्य · ६ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

ते ऑपरेशन, अपघात अशा ताज्या दुखण्यासाठी. ग्लासगो विद्यापीठातल्या लोकांनी केलेली मोजपट्टी आहे. आवाज, जखमेकडे लक्ष, उठणं-चालणं, हात लावल्यावर काय करतो, मन:स्थिती, बसण्या-उभं राहण्याची ढब, अशा सहा गोष्टींचे मिळून २४ गुण. सहा किंवा त्याच्या वर गेलं की दुखण्याचं औषध वाढवायचा विचार करायचा. खंड्याचं दुखणं महिन्याभराचं आहे, त्याला ती पट्टी लागू पडत नाही. तिथे घरच्या माणसालाच विचारावं लागतं: उठायला किती त्रास, जिन्याला किती, फिरण्यातला उत्साह किती, शून्य ते दहात सांगा. म्हणजे पुन्हा बाईंच्याच डोळ्यांवर आलं.

लॅबवाला_मुलुंड · ६ ऑक्टोबर, दुपारी १.४०

आमचा सिंबा दोन्ही खुब्यांनी अधू होता. पहिली दोन वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणत होतो, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. काकू, माझ्याकडून दोन कामाच्या गोष्टी. लादी गुळगुळीत असेल तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी मॅट टाका, जाड सतरंजी चालेल पण खालून सरकायला नको. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापा, घसरायचं निम्मं कमी होतं. आणि जिन्यावर जुना टर्किश टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या थोडा पुढे घ्या, दोन्ही टोकं वर धरा आणि त्याचं वजन थोडं स्वतःकडे घ्या. उचलायचं नाही, आधार द्यायचा. मुतायची जागा मात्र मोकळी ठेवा, नाहीतर टॉवेलही ओला आणि तो पण रागावतो. (अनुभव.)

माहीमची_फीडर · ६ ऑक्टोबर, दुपारी ३.००

ताई, रक्त तपासाल तेव्हा गोचीड तापाचीही चाचणी करून घ्या. आमच्या गल्लीतला काळू गेल्या पावसाळ्यानंतर असाच. आज हा पाय, उद्या तो पाय, कोपऱ्यात एकटा पडून. भात ठेवला की सगळे धावायचे, हा लांबूनच बघायचा. मी समजले कोणीतरी गाडीखाली घेतलं. निघाला गोचीड ताप, प्लेटलेट पार खाली. अठ्ठावीस दिवसांचं औषध चाललं, आता पुन्हा माझ्या स्कूटरच्या मागे पळतो. त्या तापाने सांधे धरतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यानंतर पाच-सहा कुत्र्यांमागे एखादा तरी मला असा भेटतोच.

अजून एक. दुखणाऱ्या कुत्र्याला उचलायच्या आधी ओढणीची पट्टी नाकावरून गुंडाळून कानामागे बांधा. आपला लाडका असला तरी. मला काळूने दोन टाके दिलेत आणि मी त्याला रोज भात घालते. मात्र उलट्या होत असतील किंवा श्वास लागला असेल तर तोंड बांधायचं नाही.

पोळीभाजी_ठाकूरद्वार · ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

सगळ्यांचे खूप आभार. मलम रात्रीच धुतलं, मिस्टर कुरकुरत उठले. उलटी नाही, शी नेहमीसारखी.

डॉक्टरसाहेब, मधली दोन नखं खरंच झिजलीत, उजव्या पायाची जास्त. अंग झाडणं मानेपाशीच थांबतं. तंगडी तर वर करतच नाही, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं! शेपूट पूर्वी पाठीवर वळलेली असायची, जिलबीसारखी. जुने फोटो काढून बघितले. गणपतीतल्या फोटोत खाली लोंबतेय. आमच्या सगळ्यांच्या मागे उभा आहे, कोणी बघितलंच नाही.

पोरीला विचारलं, हात कुठे ठेवलास. तिने माझ्यावर करून दाखवलं. शेपटीच्या अगदी वर, आणि वजन टाकून.

उद्या परळला नेते. टॅक्सीवाले कुत्रा म्हटलं की काच वर करतात, दुधाच्या टेम्पोवाल्याला विचारलंय.

निवृत्त_पशुवैद्य · ६ ऑक्टोबर, रात्री ९.५५

पाठीच्या मणक्याचं शेवटचं टोक दिसतंय, खुब्यापेक्षा. ते मी लांबून म्हणतोय, एक्सरेत काय येतं ते खरं. वाटेत उडी मारू देऊ नका, टेम्पोत दोघांनी चढवा. आणि अचानक मागचे पाय फरफटायला लागले, लघवी अडली, किंवा पोट फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या यायला लागल्या तर मला इथे विचारत बसू नका, तडक निघा.

पोळीभाजी_ठाकूरद्वार · २४ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

फराळाच्या ऑर्डरी होत्या, म्हणून लिहायला उशीर झाला. रागावू नका.

डॉक्टरसाहेब, तुमचंच खरं झालं. कमरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाकडचं हाड यांच्यातली जागा कमी झालीय, नसा दबतात. खुबे वयाच्या मानाने बरे आहेत. गोचीड तापाची चाचणी नकारार्थी आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यावरचा व्हिडिओ तीनदा बघितला. अर्धी गोळी दिल्याचं मी आत शिरल्या शिरल्या सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. म्हणून पहिला आठवडा फक्त नसांच्या दुखण्याचं औषध दिलं, त्याने तो पेंगायचा. रक्ताचा रिपोर्ट बरा आल्यावर आठवड्याने दुसरी गोळी सुरू झाली, जेवणाबरोबरच द्यायची. वजन दोन-अडीच किलो उतरवायला सांगितलंय. म्हणजे पहिली पोळी बंद. हे मला त्याच्यापेक्षा जड गेलं. आता पोळीचा चतकोर तुकडा देते, आणि पोळी म्हणून भोपळ्याची उकडलेली फोड. फसत नाही, पण खातो.

फटाक्यांच्या चार दिवसांत थरथरत होता, तेव्हा दुखतंय की घाबरलाय ते कळेना. पण घाबरला की माझ्या पायाला चिकटतो आणि दुखलं की लांब जातो, एवढं आता कळायला लागलंय.

मोरीपासून दारापर्यंत रबरी मॅट टाकलीय. पॅसेजमधल्या सगळ्या बायकांना तेच काय ते कौतुक. जिन्यावर टॉवेल चालतो. एकदा मुतला त्याच्यावर, मुलुंडच्या दादांनी सांगूनही.

काल भाऊबीजेला पुतण्या पोरीला घेऊन आला. तिला शिकवलंय, खंड्यासमोर बसायचं, हात पुढे ठेवायचा, तो आला तरच मान खाजवायची. तो आला. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. जाताना त्याला चकली द्यायला निघाल्या. मी अडवलं, वजनाचं सांगितलं. त्यांना राग आला.

औषध सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला मी तव्यावर पोळी टाकली आणि मागे नखांचा आवाज आला. वळून बघितलं तर ओट्याशी उभा. शेपूट जिलबी नाही, पण आडवी तरी होती.

दुसऱ्या माळ्यावर अजून थांबतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू द्या, घाई करू नका.

लॅबवाला_मुलुंड · २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

वा काकू! आणि तो थांबतो तेव्हा तुम्ही काय करता, टॉवेल धरून उभ्या?

पोळीभाजी_ठाकूरद्वार · २४ ऑक्टोबर, रात्री १०.५०

मी पिशवी खाली ठेवते आणि शेजाऱ्यांच्या दारावर लावलेलं कॅलेंडर वाचते. गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हापासून, म्हणजे चारेक वर्षं, वाचतेच आहे. त्यांनाही वाटत असेल, हिला रोज तिथी कशाला लागते.